कोरडा पाइप

सोमवार, ४ मार्च

पत्राच्या डोक्यावर काय लिहावं यातच माझी सकाळ गेली. ‘सौ.’ आता लिहिता येत नाही. ‘चि.’ लिहायचा हक्क मला उरलाय का, ते तू ठरवायचं. नुसतं नाव लिहिलं तर बँकेचं पत्र वाटतं. म्हणून डोकं मोकळंच ठेवलंय. अक्षर तू ओळखलंच असशील, आणि ओळखूनही इथवर वाचलं असशील तर उपकार.

फोन केला असता. पण तू उचलला नसतास तर मला लागलं असतं, आणि उचलला असतास तर काय बोलायचं ते सुचलं नसतं. पत्ता माशांचं खाद्य विकणाऱ्या दुकानदाराकडून घेतला. त्याला सांगितलं, तिचं टपाल आमच्याकडे येऊन पडलंय. तसं काही टपाल नाही. तोच म्हणाला की तू आता मोठमोठ्या टाक्या बसवणाऱ्यांकडे कामाला आहेस आणि मुलांच्या दवाखान्यातली ती भिंतभर टाकी तूच बसवलीस. ऐकून बरं वाटलं. तोंडाने मात्र ‘हो का’ एवढंच म्हटलं. सवय.

आता कामाचं. तुझी टाकी गुडगुडते. तू होतीस तेव्हा तिचा आवाज म्हणजे लांबवर कुणीतरी भांडं विसळतंय, एवढाच असायचा. आता कोपऱ्यातल्या त्या काळ्या कप्प्यातून असा घोट घेतल्यासारखा आवाज येतो, मग हुंदका, मग परत घोट. काल एक बाई कपड्याचं माप द्यायला आल्या होत्या. हात वर करून उभ्या होत्या, मी टेप लावलेली, आणि टाकीने असा काही आवाज काढला की त्या म्हणाल्या, “घरात कुणाचं पोट बिघडलंय का हो?” मी म्हटलं, मासे आहेत. त्यांना ते पटलं नाही.

मी माझ्या परीने एक उपाय करून पाहिला, त्याचा उपयोग झाला नाही, ते सोड.

मुलाला सांगितलं तर तो म्हणतो, “आई, महिनाअखेर टाकी कुणालातरी देऊन टाकू. मासे नेणार म्हणाली होती ना? कुठे नेले?” मी म्हटलं, भाड्याच्या एका खोलीत ती झोपणार की टाकी? मोठी जागा मिळाली की नेईल, तसं ठरलंय. तर म्हणाला, “तू कधीपासून तिची बाजू घ्यायला लागलीस?” प्रश्न खरा होता. मी उठून मशीनवर बसले.

‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ असं तू मनात म्हणशील. म्हण. फक्त या खेपेला अडलंय ते गाढव आहे, एवढी दुरुस्ती करून म्हण. मी तुझ्या टाकीला पाच वर्षं नावं ठेवली. आल्यागेल्याला सांगत होते, आम्ही सून आणायला गेलो आणि पाणकोंबडी घेऊन आलो. कोपरापर्यंत हात कायम ओले! तू हसायचीस. मला वाटायचं, लागत नाही हिला.

गुडगुड कशी थांबवायची तेवढं कळव. मुलाला हे पत्र माहीत नाही. उत्तर पाठवलंस तर पाकिटावर माझंच नाव टाक.

*

बुधवार, १३ मार्च

तुझा कागद मिळाला. वर काही नाही, खाली काही नाही, मधे नुसतं चित्र आणि सूचना. औषधाच्या खोक्यात येतो तसा कागद. माझ्या पत्राला तसंच उत्तर हवं होतं.

चित्र शिलाई मशीनसमोर चिकटवलं आणि पहिल्यांदाच टाकीचं पोट नीट पाहिलं. इतकी वर्षं मला वाटायचं, पंप पाणी ढवळतो आणि बाकी सगळी तुझी हौस. आता मला समजलंय ते लिहिते, चुकलं तर सांग. वरच्या टाकीतलं पाणी फणीच्या दातांसारख्या खाचांतून कोपऱ्यातल्या कप्प्यात उतरतं. कप्प्यातून दोन पाइप खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत जातात. तिसरा पाइप पंपाचा, तो तेच पाणी परत वर आणतो. म्हणजे पाणी बाहेर कुठेच जात नाही, आपलं वर-खाली करत राहतं.

खाली जाणाऱ्या दोघांपैकी एक कमावता. सगळं पाणी तोच नेतो, त्यालाच व्हॉल्व्ह आहे. दुसरा उंच, त्याचं तोंड पाण्याच्या वर, कोरडं. त्याने जन्मात काही करायचं नाही. पहिला तुंबला तरच पाणी चढून त्याच्या तोंडातून खाली जायचं. घरात एक रिकामटेकडा कशाला पाळायचा, असं मला आधी वाटायचं. तू लिहिलंस, ‘तो कोरडा आहे तोवर सगळं ठीक.’

गुडगुड का, तेही कळलं. व्हॉल्व्ह जास्त उघडा, म्हणून पाइप पाण्याबरोबर हवा गिळत होता. तो उघडला कसा? कपाट पुसताना मीच हलवला असणार. तुझ्या सांगण्याप्रमाणे व्हॉल्व्ह नखभर बंद केला, थांबले. परत नखभर, परत थांबले. हुंदके कमी झाले. मग एकदम गप्प! कप्प्यातलं पाणी चढत चढत कोरड्या पाइपच्या तोंडाखाली चार बोटांवर येऊन थांबलं, ते तिथेच राहिलं. मी एकटीच ‘जमलं की गं’ असं मोठ्याने म्हणाले. काचेला चिकटणारा तुझा तो म्हातारा मासा सोडला तर ऐकायला कोणी नव्हतं. कापड कापताना हात थांबवणं जमतं मला, तेच इथे कामाला आलं.

शेवटी तू लिहिलंस की कोरड्या पाइपचं तोंड कायम उघडं हवं, त्यावर झाकण, जाळी, काहीही नको, आणि ते पाहून कळवा.

पाहिलं. उघडंच आहे.

मुलाने संध्याकाळी विचारलं, “आवाज बंद झाला?” मी म्हटलं, आपोआप झाला. तुझं श्रेय मी एका शब्दात खाल्लं. पण टाकी द्यायची भाषा तूर्त थांबलीय. मासे मजेत आहेत. चपट्या चौघांपैकी मोठी मला ओळखायला लागलीय, मी जवळ गेले की तोंड उघडून येते. तिला मी कोण हे कळत असेल असं नाही, डबा कळतो.

*

गुरुवार, २१ मार्च

पाणी आलं.

मासे सगळे जिवंत आहेत, ते आधी सांगते. पंप चालू होईल एवढं पाणी छोट्या टाकीत घातलंय, तू म्हणायचीस तसं आदल्या दिवशी भरून ठेवलेलं.

मंगळवारी दुपारी मी शिवलेले कपडे पोचवायला गेले होते. दार उघडलं तर चप्पल ओली झाली. टाकीच्या काठावरून पाणी शांतपणे खाली येत होतं, कुणाला घाई नसल्यासारखं. कपाटातली छोटी टाकी कोरडी पडली होती आणि पंप नुसता घरघरत होता. बटण बंद केलं. जेवढं पाणी छोट्या टाकीत होतं तेवढंच बाहेर आलं म्हणायचं, पण तेवढंही पुष्कळ झालं. खालच्या घड्याळवाल्यांच्या पलंगावर ठिबकलं. छताला ताटाएवढा डाग.

मुलगा यायला आणि घड्याळवाले वर यायला एकच गाठ पडली. ते रागावले नव्हते, ओली उशी हातात घेऊन आले होते. मुलगा म्हणाला, “माझ्या आधीच्या बायकोने केलंय हे पाइपचं काम. घरच्या घरी. कधीतरी होणारच होतं.” घड्याळवाले म्हणाले, “मुलगी हुशार वाटायची हो.” तो म्हणाला, “हुशारीने जोड पक्का होत नाही.”

मी फडकं पिळत होते.

मला वाटतं, मागच्या कोपऱ्यातला जोड सुटला असावा. तिथे ओल होती. आता तो नीट बसलेला दिसतो, मीच दाबून बसवला. तुला कळवलं नसतं तरी चाललं असतं, पण दुकानदाराकडून तुला कळणार, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तू मनावर घेऊ नकोस. माणसाच्या हातून होतं.

छताचा डाग मुलगा रंगवून देणार आहे. फरशी पुसून झाली. माझ्या मशीनखालचा लाकडी पाट फुगलाय, त्याला काही होत नाही.

*

शनिवार, ३० मार्च

तुझं पत्र आलं. या खेपेला वर ‘आई’ लिहिलंयस. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि पुढचं थोड्या वेळाने वाचलं. थांबायला नको होतं, कारण पुढचं वाचल्यावर परत तेवढाच वेळ गेला.

कुठला जोड, वाकड्या तुकड्याचा की सरळ? पाइप आतून गुळगुळीत आहे की चिकटवायच्या सोल्युशनचा पापुद्रा निघाला? जोडावर तू पेन्सिलने रेघ मारली होतीस, ती जुळते का? फोटो पाठवता येईल का? एवढे प्रश्न, आणि एकाचंही उत्तर मला येत नाही.

पण मी घाबरले ते त्याच्या खालचं वाचून. तुझ्या हातची जोड मारायची पद्धत सगळीकडे तीच, म्हणून तू स्वतः जाऊन मालकांना सांगितलंस की घरचा माझा एक जोड सुटलाय, दवाखान्यातल्या टाकीचेही तपासा. ती टाकी रिकामी करणार? मुलांनी बघायची टाकी? अगं, तुला एवढं करायची काय गरज होती? एका म्हातारीच्या बोलण्यावर? ओल तर कुठेही असते.

कदाचित जोड नसेलही. मला पाइपातलं काय कळतं? त्या दिवशी सगळंच ओलं होतं, मागचा कोपरा काय न् पुढचा काय. तू मालकांना सांग की नक्की नाही. सांग की सासू, म्हणजे जी कोण मी, तिला वयामुळे नीट दिसत नाही.

फोटो काढता येत नाही, फोनचं काहीतरी बिघडलंय.

मुलाला तुझं पत्र दाखवलं नाही. तो परवा मावशीला फोनवर सांगत होता, “बघ, मी म्हणत नव्हतो?” मी मशीन जोरात चालवलं. मशीनच्या आवाजात फार काही झाकलं जात नाही, हे मला आत्ताच कळलं असं नाही.

तू जेवतखात असशील ना? उगाच विचारलं. कृपा करून दवाखान्याची टाकी उघडू नकोस.

*

मंगळवार, २ एप्रिल

चि. पाणकोंबडी,

आज वर लिहिलंय. यातला एक शब्द पुसायचा असेल तर पत्र पूर्ण वाचून मग पुस.

दुकानदार काल खाद्य द्यायला आला होता. त्याने सांगितलं. दवाखान्यातले मासे टबात काढले, टाकी उपसली आणि तू तुझे जोड एकेक करून करवतीने कापून उभे चिरून पाहिलेस. एकही कच्चा निघाला नाही. मालक म्हणाले, झालं समाधान? लाग कामाला. तर तू म्हणालीस, घरचा का सुटला ते कळत नाही तोवर मी पाइपला हात लावणार नाही. आणि आता तू तिथे काचा पुसतेस. दुकानदार हे कौतुकाने सांगत होता. “अशी माणसं राहिली नाहीत हो,” म्हणाला. मी सुट्टे शोधायच्या निमित्ताने आत गेले.

तुझा जोड सुटला नव्हता. कुठलाच सुटला नव्हता. मी खोटं लिहिलं.

तू गेल्यावर टाकी गुडगुडायला लागली तेव्हा मला वाटलं, आवाज त्या कोरड्या पाइपच्या उघड्या तोंडातून येतोय. पाण्याचा वासही तिथूनच वर येतो असं वाटायचं. मी टेप घेतला, तोंडाचं माप घेतलं आणि त्याला टोपी शिवली. वर जाड रेनकोटचं कापड, आत स्पंजाची चकती, काठाला दुहेरी शिलाई आणि इलॅस्टिक. असं माप बसलं की बोटाचं नखही आत जाऊ नये. सांगायला लाज वाटते, पण शिवून झाल्यावर मी ती हातावर घेऊन कौतुकाने पाहिली होती. आवाज त्याने थांबला नाहीच. पहिल्या पत्रात ‘एक उपाय’ लिहिलं होतं तो हाच.

मग तू लिहिलंस, झाकण नको, पाहून कळवा. तेव्हाच काढायला हवी होती. हात घातलाही होता. पण आवाज बंद झाला होता, टोपी छान बसली होती, आणि मनात आलं, सुनेने सांगितलं म्हणून माझं शिवलेलं मी काढायचं? तू घर सोडून गेलेली, नातं कागदावर संपलेलं, तरी हे मनात आलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. आणि तुला लिहिलं, उघडंच आहे.

त्या मंगळवारी पाण्यातली एक गोगलगाय कमावत्या पाइपात गेली आणि व्हॉल्व्हमध्ये अडकली. पाणी चढलं, ते कोरड्या पाइपातून जायला हवं होतं. तू त्याला त्याचसाठी उभा केला होतास. पण पाणी जितकं चढलं तितकी टोपी दाबून घट्ट बसली. मी ती ओढून काढली तेव्हा गळ्ळकन सगळं पाणी खाली गेलं, आणि मला तिथेच सगळं कळलं. मुलगा जिना चढत होता. मी टोपी पिळली आणि बटणांच्या खणात टाकली. गोगलगाय नंतर सापडली.

म्हणजे चूक नकळत झाली, पण ती लपवली ते समजून उमजून.

आणि अजून एक आहे. ते लिहिलं नाही तर हे पत्र अर्धंच होईल. मुलगा जेव्हा घड्याळवाल्यांना म्हणाला की काम तिने केलंय, तेव्हा मला बरं वाटलं. भीतीने गप्प बसले असते तर निदान माणसासारखं झालं असतं. मला हलकं वाटलं. घरात नसलेल्या माणसाच्या नावावर टाकणं इतकं सोपं असतं! मग आठवलं, तू घरात होतीस तेव्हाही आम्हाला ते काही अवघड जात नव्हतं. दूध उतू गेलं तरी तुझ्या टाकीच्या आवाजामुळे लक्ष राहिलं नाही, असं मी म्हणायचे.

आज सकाळी मुलगा बूट घालत होता तेव्हा त्याच्यासमोर टोपी ठेवली.

“जोड सुटला नव्हता,” मी म्हटलं. “माझ्यामुळे पाणी आलं.”

त्याने टोपी फिरवून पाहिली, आधी हसला. मग म्हणाला, “आई, हे कुणाला सांगितलंस?”

“आता तिला लिहिणार आहे.”

“कशाला? डाग रंगवून झाला. झालं गेलं.”

“तिचं काम बंद आहे.”

“ते तिने स्वतः बंद केलंय. स्वभावच तसा आहे तिचा.”

“आणि आपला कसा आहे?”

त्याने बांधलेली नाडी सोडून परत बांधली आणि गेला.

मग खाली गेले. घड्याळवाले टेबलाशी बसले होते. म्हटलं, “भाऊ, ते पाणी सुनेच्या कामामुळे आलं नव्हतं. मी पाइपला टोपी घातली होती.”

“टोपी? का, त्याला थंडी वाजत होती?” ते हसायला लागले. मीही हसले असते. पण त्यांचं हसू मधेच थांबलं. “वहिनी, त्या दिवशी तुम्ही तिथेच उभ्या होतात की.”

“होते.”

“बरं,” म्हणाले, आणि डोळ्याला भिंग लावून घड्याळात वाकले. मी थोडा वेळ उभी होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांनी बसायला न सांगता मी त्यांच्या दारातून परत आले, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदा झालं.

पाकिटात टोपी घातलीय. दुसरा कागद तुझ्या मालकांसाठी आहे. त्यात मी सगळं लिहून खाली सही केलीय: पाइप, जोड, सगळं काम निर्दोष होतं, पाणी माझ्यामुळे आलं आणि मी त्याबद्दल खोटं सांगितलं. अजून काही लिहायला हवं असेल तर सांग. समोर येऊन सांगायला हवं असेल तर येते.

क्षमा कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागतं. तू आधी कामाला लाग.

*

रविवार, १४ एप्रिल

चि. पाणकोंबडी,

‘चि.’ तू पुसला नाहीस, असं धरून चालते.

काल तू दोन माणसं आणि टेम्पो घेऊन टाकी न्यायला आलीस. तू स्वतः होतीसच, तुला मी नव्याने काय सांगणार? तरी माझ्या बाजूने सांगायचंय. तोंडाने जमलं नाही.

तू येणार म्हणून मुलगा सकाळीच बाहेर गेला. जाताना म्हणाला, “तिला सांग, टाकीच्या मागची भिंत मी रंगवून घेईन, तिने काळजी करू नये.” तुझ्याविषयी एक बरा शब्द त्याच्या तोंडून यायला एवढं सगळं व्हावं लागलं, आणि तोही भिंतीबद्दलचा. मी तुला सांगितला नाही. त्याचं त्याने सांगावं.

दवाखान्यातली टाकी परत भरली आणि जोड सगळे तूच मारलेस, हे तुझ्याबरोबरच्या माणसाकडून कळलं. तुझे हात कोपरापर्यंत ओले होते. मी पाणी दिलं, तू प्यालीस, भांडं स्वतः विसळून ठेवलंस. पाहुण्यासारखं. पूर्वी तू भांडं तसंच ठेवायचीस आणि मी बोलायचे. काल वाटलं, ठेवलं असतंस तर बरं झालं असतं.

मासे पिशव्यांमध्ये गेले. मग पाणी उपसायची वेळ आली. तू नळी टाकीत सोडलीस आणि दुसरं टोक घेऊन इकडेतिकडे पाहिलंस. तुझी माणसं टेम्पोपाशी होती. तू टोक माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, “न्हाणीत धराल का? जोर असतो, निसटतं.”

एवढं पाणी, खाली घड्याळवाले, आणि नळी माझ्या हातात. तू दुसरं कुणीतरी येईपर्यंत थांबू शकली असतीस. मी न्हाणीत जाऊन दोन्ही हातांनी टोक धरलं. पाणी आलं तेव्हा त्याने हात खरंच हिसडले. मी सोडलं नाही.

मग तू बाहेरून विचारलंस, “मोरीचं तोंड मोकळं आहे ना?”

मी म्हटलं, “मोकळं आहे.”

होतं. मी आधीच जाळी काढून केस, दोरे, सगळं साफ केलं होतं, दोनदा. या खेपेला माझं बोलणं अक्षर न् अक्षर खरं होतं.

तू आत आलीस. माझ्याकडे पाहिलं नाहीस. माझी साडी भिजत होती, तिच्यापलीकडे वाकून तू मोरीच्या तोंडाशी हात घालून चाचपलंस. पाणी कसं जातंय ते पाहिलंस. मग उठलीस आणि परत टाकीशी गेलीस.

मला राग आला नाही. येईल असं वाटलं होतं, तुझ्याशी मला इतकी वर्षं रागाचीच सवय होती. आली ती लाज, आणि ती रास्त होती. माझा शब्द ऐकल्यावर तुला वाकून बघावं लागतं, हे माझंच काम आहे, माझ्या हातचं, मापात शिवलेलं.

तुझ्या हाताखाली आता नवी माणसं येतील. कुणी म्हटलं उघडं आहे, मोकळं आहे, पाहिलंय, तर त्यावर जाऊ नकोस. वाकून बघत जा. मोठ्या माणसाने सांगितलं तरी बघ. मी सांगितलं तर आधी बघ.